झुराव्लीच्या वेरावहिनी

वेरावहिनींना "तुमचं गाव कोणतं?" असं विचारायचं नसतं, हे आम्हा सिंगापूरच्या मराठी मंडळींना हळूहळू कळलं होतं. पण नवीन माणूस विचारायचाच. आपल्याकडे नाव विचारून झालं की दुसरा प्रश्न तोच असतो. गणपतीची आरती झालेली असायची, हातात प्रसादाचे द्रोण असायचे, आणि पुण्याहून नुकतीच आलेली कुणी मुलगी, एवढी गोरीपान, घाऱ्या डोळ्यांची बाई इरकली नेसून सांगलीकडचं मराठी बोलतेय म्हटल्यावर हौसेने विचारायची, "वहिनी, तुमचं मूळ गाव कोणतं हो?"

वेरावहिनी द्रोण खाली ठेवायच्या. "माझं गाव? मारलं त्याला."

बिचारी मुलगी त्यांचं मराठी सुधारायला जायची. "मेलं म्हणजे... ओसाड पडलं का?"

"मेलं नाही, मारलं. पडलं नाही, पाडलं. उठलं नाही, उठवलं. मला फरक कळतो. सासूबाईंनी पहिल्याच वर्षी शिकवलाय. 'दूध सांडलं' म्हणायचं नाही, 'मी सांडलं' म्हणायचं."

म्हातारपणी सासरी सांगलीला परतलेल्या वेरावहिनी गेल्या महिन्यात तिथेच वारल्या. इथे आम्ही शोकसभा घेतली. बँकेत मोठ्या हुद्द्यावर असलेले एक गृहस्थ बोलायला उभे राहिले आणि म्हणाले, "वेरावहिनींनी आयुष्यात बरंच सोसलं, पण मनात कसलीही कटुता न ठेवता त्या शांतपणे गेल्या." लोकांनी माना डोलावल्या. मी खुर्चीचे हात घट्ट धरून बसले. हे धडधडीत खोटं होतं. वेरावहिनींनी कटुता ठेवली होती. नीट निवडून, पाखडून, डब्यात भरून ठेवली होती, आणि ती ठेवायचा त्यांना पुरा हक्क होता. मेलेल्या माणसाला असं गुळगुळीत करून टाकायचा अधिकार कुणी दिला यांना? त्या सभेत मी बोलू शकले नाही. माझा आवाज चढला असता. म्हणून लिहितेय.

आम्ही बुकित पंजांगला एकाच ब्लॉकमध्ये राहायचो, त्या खालच्या मजल्यावर आणि आम्ही वरच्या. वेरावहिनी अंगाने रुंद, चालायच्या तेव्हा दोन्ही हातांत पाण्याच्या बादल्या असल्यासारख्या खांदे ताठ धरून चालायच्या. त्यांचे यजमान श्रीकांतदादा सांगलीचे. तरुणपणी शिष्यवृत्तीवर लेनिनग्राडला जहाजबांधणी शिकायला गेले आणि पदवीबरोबर वेरावहिनींना घेऊन परतले. पुढे नोकरीने त्यांना सिंगापूरला आणलं. तुआसला जहाजदुरुस्तीच्या कारखान्यात ते इंजिनीअर होते. माणूस अतिशय कमी बोलणारा. "आमच्यात बोलायचं काम माझ्याकडे आहे, ऐकायचं यांच्याकडे," असं वहिनी म्हणायच्या, आणि नवऱ्याला 'अहो' म्हणायच्या. तेही सासूबाईंनी शिकवलेलं.

सासूबाईंबद्दल त्या फार प्रेमाने बोलायच्या. "पहिला महिना माझं तोंड बघितलं नाही. मग मराठी शिकवायला बसल्या. का, माहितेय? माझ्याशी भांडायचं होतं त्यांना. समोरच्याला भाषाच येत नसेल तर भांडणार कशा?" भाषा मात्र उत्तम शिकवली. तो-ती-ते वहिनींना सोपं गेलं, कारण रशियनमध्येही तीन लिंगं असतात. जमले नाहीत ते फक्त घ आणि भ. घराला त्या 'गर' म्हणायच्या आणि भाताला 'बात'. शेपूवर त्यांचा भारी जीव. वरणात शेपू, बटाट्यात शेपू, दह्यात शेपू. माझी मुलगी त्यांच्याकडे जेवायला बसली की कुरकुर करायची, "आंटी, एव्हरीथिंग ऑल्सो गॉट शेपू, व्हाय लाइक दॅट?" वहिनी तिच्या ताटात आणखी वाढायच्या. "खा. याच्यावर आमच्याकडे अख्खं गाव वाढलं."

ते गाव म्हणजे झुराव्ली. झुराव्ली म्हणजे करकोचे. वसंतात नदीकाठच्या पाणथळीत करकोचे उतरायचे म्हणून हे नाव. लेनिनग्राडहून रात्रभर रेल्वे, मग बस, मग जंगलातून पायवाट, आणि नदीच्या वळणावर हे चाळीसेक उंबऱ्यांचं गाव. सगळी घरं लाकडी. जवस पिकवायचं, त्याच्या धाग्याचं कापड विणायचं. जवसाला निळी फुलं येतात. वहिनी सांगायच्या, फुलोऱ्याच्या दिवसांत नदी कुठे संपते आणि शेत कुठे सुरू होतं ते कळायचं नाही. गावात चार इयत्तांची शाळा होती, एक दुकान होतं. चर्च बंद करून त्याचं धान्याचं कोठार केलेलं होतं. आणि गावामागच्या टेकाडावर कबरस्तान होतं, बर्चच्या झाडांखाली.

मोठ्या लढाईत, म्हणजे दुसऱ्या महायुद्धात, गावातले सगळे धडधाकट पुरुष गेले. परतले ते हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. घोडेसुद्धा सैन्याने नेले होते. तेव्हा वहिनींच्या आईने, तिचं नाव अन्ना, आणि इतर बायकांनी खांद्याला दोर लावून स्वतः नांगर ओढला. वहिनींचे वडील परतले, पण छातीत लोखंडाचा तुकडा घेऊन. वहिनी लहान असतानाच ते गेले आणि त्या टेकाडावर त्यांना पुरलं.

असं ते गाव उपासमारीला पुरून उरलं, लढाईला पुरून उरलं. त्याला संपवलं ते एका कचेरीने. सत्तरच्या दशकात त्यांच्याकडे वर कुठेतरी ठरलं की लहान खेडी परवडत नाहीत. मग खेड्यांची वाटणी झाली. काहींना भविष्य आहे, काहींना नाही. झुराव्लीला भविष्य नाही असं ठरलं.

"कुणी येऊन 'निघा' म्हणालं नाही," वहिनी सांगायच्या. "तसं म्हटलं असतं तर बायका विळे घेऊन उभ्या राहिल्या असत्या. आधी शाळा बंद केली. ज्यांना लहान पोरं होती ती घरं गेली. मग दुकान बंद. मग बस बंद. मग नर्स येईनाशी झाली. मग एके दिवशी माणसं आली आणि विजेच्या तारा काढून घेऊन गेली. आणि मग लिहिलं, लोक आपणहून गेले. नीलिमा, तू कुणाच्या नाकावर उशी धरलीस आणि मग म्हणालीस, यानं आपणहून श्वास सोडला, तर चालेल का गं?"

मागे राहिलेल्यांना लांबच्या एका वसाहतीत दुमजली इमारतींमध्ये फ्लॅट दिले. वहिनींच्या आईला वरच्या मजल्यावरचा मिळाला. गाय तर वरच्या मजल्यावर नेता येत नाही; ती सामुदायिक शेताला देऊन टाकावी लागली. कुणी परत येऊ नये म्हणून रिकामी घरं पेटवून दिली. वहिनी तेव्हा लेनिनग्राडला शिकत होत्या. आईने त्यांना एवढंच कळवलं होतं की आम्ही जरा हललो आहोत, रस्ता खराब आहे, इतक्यात येऊ नकोस.

पण लग्न ठरलं होतं, आणि वहिनींना श्रीकांतदादांना आपलं गाव दाखवायचं होतं. उन्हाळ्यात दोघं न कळवता निघाले. पुढचं मला श्रीकांतदादांनी सांगितलं. मी त्यांना एवढं सलग बोलताना त्या एकाच वेळी ऐकलं. "जंगल संपलं आणि पुढे नुसता हिरवा चारा होता. ती म्हणाली, वाट चुकली बहुतेक. मग तिला नदीचं वळण ओळखू आलं. ती धावत टेकाडाकडे गेली. बर्चची झाडं नव्हती, क्रूस नव्हते. वरही चाराच, ओळीत पेरलेला. टेकाड नांगरलं होतं. ती रडली नाही. खाली वाकून मातीची ढेकळं उचलायला लागली आणि त्या शेतावर फेकायला लागली. संध्याकाळपर्यंत फेकत होती. मी बाजूला उभा होतो. तिच्या देशात, तिच्या शेतात मी काय म्हणणार?"

ज्यांनी हे केलं त्यांच्यापेक्षा मला कधीकधी आपल्या लोकांचा जास्त राग यायचा. चांगली शिकलेली, पोटभर जेवलेली माणसं. माझा नवरा अजितच एकदा म्हणाला, "पण वहिनी, शेवटी तिथे गरम पाणी आलं, दवाखाना आला, बायकांचे कष्ट वाचले. प्रगती म्हणजे थोडं सोडावं लागतंच. आता सिंगापूरच बघा ना."

वहिनी ताडकन म्हणाल्या, "संडास दिला म्हणून बापाची कबर नांगरायची?"

अजितने पुन्हा तो विषय काढला नाही. पण पुढच्या वेळी दुसरा कुणीतरी तेच म्हणायचा. कुणी म्हणायचं, किती वर्षं धरून बसणार? कुणी म्हणायचं, तसं झालं नसतं तर तुम्ही इथवर आला असता का? जणू काही त्या बाईने आपलं गाव सिंगापूरच्या व्हिसासाठी विकलं होतं!

आमच्या मजल्यावर ओंग आंटी राहायच्या, चिनी, सत्तरीच्या. त्यांचंही बालपण खेड्यात गेलेलं, पत्र्याच्या छपराखाली, डुकरं आणि कोंबड्या पाळत. ते खेडं केव्हाच गेलं. तिथे आता ब्लॉक उभे आहेत. आंटींना त्याचं फारसं दुःख नव्हतं. "नाऊ बेटर लाह. बिफोर, टॉयलेट ऑल्सो आउटसाइड," म्हणायच्या. वहिनींचे आणि त्यांचे यावरून खटके उडायचे. मग एका वर्षी आंटींच्या वडिलांना पुरलं होतं ते कबरस्तान सरकारने हलवायला काढलं. नोटीस आली, तारीख ठरली. आंटींचा मुलगा परदेशी होता, म्हणून वहिनी त्यांच्याबरोबर गेल्या.

परतल्या त्या थेट माझ्याकडे. चपलांना लाल माती तशीच होती.

"एकेक हाड वर काढलं त्या माणसाने," त्या म्हणाल्या. "हातमोजे घालून. धुतलं. मडक्यात ठेवलं. आधी विचारलं, तुमचे कोण? नाव काय? आंटीने नाव सांगितलं, त्याने मोठ्याने परत म्हटलं आणि मग फावडं घातलं." त्या बसल्या नाहीत, उभ्यानेच बोलत होत्या. "मला वाटायचं, एवढी माणसं मेलेली, एवढी गावं, कसं विचारणार? आज बघितलं. विचारायला किती वेळ लागतो, नीलिमा? चहा प्यायला लागतो तेवढा. तेवढासुद्धा आमच्यासाठी नव्हता त्यांच्याकडे."

मी नोव्हेनाला एका खासगी हृदयरोग दवाखान्यात रुग्णांची व्यवस्था बघायचे. त्या सुमाराला रशियातून पैसेवाले रुग्ण यायला लागले होते. दुभाषी मिळेनात, म्हणून मीच वहिनींचं नाव सुचवलं. त्यांना हे काम फार मानवलं. घाबरलेल्या म्हाताऱ्यांना त्या दटावून धीर द्यायच्या. दुभाष्याचा नियम असा की रुग्ण 'मी' म्हणाला तर आपणही 'मी' म्हणायचं. 'ते म्हणतात की' वगैरे नाही. रुग्णाचं तोंड व्हायचं. वहिनींनी हा नियम कधी मोडला नाही.

एक दिवस असाच एक म्हातारा आला. चाकाच्या खुर्चीत, पण ताठ. बरोबर त्याचा मुलगा, लाकडाचा मोठा व्यापारी. म्हाताऱ्याचं बायपासचं ऑपरेशन करायचं होतं. आमचे डॉक्टर त्याची माहिती घेत होते, मी कागदपत्रं घेऊन बाजूला बसले होते. झोप कशी आहे, सिगरेट किती, असं करत करत डॉक्टरांनी विचारलं, काम काय करत होतात, ताणाचं होतं का?

म्हातारा खुलला. हात हलवून बराच वेळ बोलला. वहिनी ऐकत होत्या. मग मला दिसलं की त्यांची मान लाल झालीय. त्या काही बोलेनात. डॉक्टरांनी वर बघितलं.

वहिनी इंग्रजीत म्हणाल्या, एकेक शब्द सुटा करून, "फार ताणाचं होतं. मी जिल्ह्याचा अधिकारी होतो. मी वीसेक मरतुकडी गावं बंद केली आणि एक नीटनेटकी वसाहत उभारली. मला त्याचा अभिमान आहे."

डॉक्टरांनी मान हलवली आणि रक्तदाबाचं विचारलं. वहिनींनी तेही विचारलं, आणि उत्तर सांगितलं, आणि पुढचंही, शेवटपर्यंत.

बाहेर आल्यावर त्यांनी माझा दंड धरला. "तो आमचा जिल्हा. ती वसाहत माझ्या आईची. तिथेच मेली ती, खिडकीत बसून." आणि मग म्हणाल्या, "माझ्या तोंडून वदवलंस. 'मी' म्हणायला लावलंस मला." मला नाही, त्या नियमाला म्हणत होत्या. पण ते काम मीच त्यांना मिळवून दिलं होतं.

"मी दुसरी दुभाषी शोधते," मी म्हटलं.

"का? मला येत नाही?"

"तसं नाही हो वहिनी. पण औषधाचं, ऑपरेशनचं... रागाच्या भरात एखादा शब्द..."

"माझी लाज काढू नकोस. एक थेंब इकडचा तिकडे होणार नाही. तो जगला पाहिजे. मेला तर मी विचारू कुणाला?"

आणि खरंच तसं झालं. ऑपरेशनचे धोके त्यांनी त्याला इतके नीट समजावले की मुलगा त्यांना 'सिस्टर' म्हणून बक्षीस द्यायला लागला. त्यांनी ते घेतलं नाही. ऑपरेशन चांगलं झालं. म्हातारा खुर्चीत बसायला लागला, सूप प्यायला लागला. मग आपल्या सुट्टीच्या दिवशी, भेटायच्या वेळेत, गळ्यात दुभाष्याचा बिल्ला न घालता वहिनी त्याच्या खोलीत गेल्या. मला म्हणाल्या, "तू दारात थांब. मी त्याला हात लावला तर मला ओढून बाहेर काढ."

मी दारात उभी राहिले. मला एक अक्षर कळलं नाही. काय बोलणं झालं ते त्यांनी नंतर मला सांगितलं. पण सूर कळत होता. त्या स्टुलावर बसून बोलत होत्या, आणि त्यांची रशियन नेहमीसारखी येत नव्हती. 'ओ' लांब, गोल, पोटातून. ती त्यांच्या गावची बोली होती. त्या एकेक घर सांगत होत्या. नदीकडून पहिलं घर कुणाचं, त्यांच्याकडे किती पोरं, कुणाच्या विहिरीचं पाणी गोड, कोणत्या बाईने नांगराचा दोर कोणत्या खांद्यावर घेतला होता.

म्हातारा आधी हसला. म्हणाला, "माझी आई असंच बोलायची. किती वर्षांनी ऐकतोय. कुठलं गाव गं तुझं?"

"झुराव्ली."

तो आठवत राहिला. "झुराव्ली... होतं का असं? तशी बरीच होती. नावं कशी लक्षात राहणार?"

वहिनी म्हणाल्या, "टेकाडावर कबरस्तान होतं. त्यात माझे वडील होते. ते नांगरलं."

"नांगरलं गेलं असेल."

"कुणी नांगरलं?"

"तेव्हा तसं ठरलं होतं."

"कुणी ठरवलं?"

म्हाताऱ्याने बेल शोधली, पण ती वहिनींनी आधीच टेबलावर सरकवून ठेवली होती. तो चिडला. "मी. मी सांगितलं. त्या वर्षी लागवडीखालची जमीन ठरल्यापेक्षा कमी भरत होती. वर हिशेब द्यायचा होता. टेकाडाचा माथा सपाट होता, ट्रॅक्टर चढत होता. मी म्हटलं, नांगरा. झालं समाधान? आता काय करणार आहेस माझं?"

"काही नाही. ऐकायचं होतं. आता त्या शेतात काय आहे?"

"काय असणार? सामुदायिक शेती बुडाली. सगळं पडीक आहे. बर्च उगवलेत."

तेवढ्यात त्याचा मुलगा आला, आणि वडिलांचा चेहरा बघून ओरडायला लागला. वहिनी उठल्या, बेल परत त्याच्या हाताशी ठेवली आणि बाहेर आल्या. पाणी मागितलं.

हेक्टर कमी पडत होते! माझ्या डोक्यातून ते जाईना. मला वाटलं होतं, काहीतरी कारण असेल, वरून हुकूम असेल, निदान द्वेष असेल. द्वेषाला निदान नाव तरी माहीत असतं. इथे तेही नव्हतं. कुणाचा बाप, कुणाची आई, कुणाचं जन्मतःच गेलेलं मूल, सगळे एका रकान्यात भर घालायला नांगरून काढले. आणि ज्या शेतासाठी काढले ते शेत पुढे वीस वर्षंही कुणी धड केलं नाही.

मुलाने तक्रार केली. आमच्या मॅनेजरने वहिनींचं काम त्या दिवसापासून बंद केलं. मी त्याच्याशी भांडले. म्हटलं, कामाच्या वेळेत या बाईने एक शब्द चुकवलेला नाही, रुग्ण बरा होऊन घरी चाललाय, भेटायच्या वेळेत ती एक माणूस म्हणून दुसऱ्या माणसाला भेटली. तो म्हणाला, "पेशंट अपसेट हो गया ना. वी मस्ट बी न्यूट्रल." नागपूरकडचा हिंदी बोलणारा सज्जन गृहस्थ होता. न्यूट्रल! नांगरणारा आणि नांगरला गेलेला यांच्या मधोमध खुर्ची टाकून बसणं म्हणजे न्यूट्रल.

दुसऱ्या दिवशी श्रीकांतदादा तुआसहून थेट दवाखान्यात आले, पायात कामाचे जड बूट तसेच. मॅनेजरला एवढंच विचारलं, "माझ्या बायकोने भाषांतरात एकही चूक केली का?"

"नो, नो. व्हेरी गुड शी इज."

"तेवढंच ऐकायचं होतं," म्हणाले आणि निघून गेले. त्या घरात दोघांनाही माणसाच्या तोंडून ऐकायचं असायचं.

पुढच्या वर्षी म्हातारा तपासणीला परत आला. आम्ही एक तरुण दुभाषी मुलगी ठेवली होती, मॉस्कोत शिकलेली, चटपटीत. म्हाताऱ्याने तिला खोलीबाहेर काढलं. म्हणाला, हिचं मला कळत नाही, मागच्या वेळची ती बाई आणा. मुलगाही तेच म्हणायला लागला. ज्याने तक्रार केली होती तोच. आणि आमच्या मॅनेजरने मला सांगितलं की फोन लाव त्यांना.

मी म्हटलं, मी लावणार नाही. मग वाटलं, निदान त्यांना कळलं तरी पाहिजे, यांना लाज कशी नाही ते. म्हणून लावला, आणि सांगितलं की मी तुमच्या वतीने नाही म्हणते.

"येते," वहिनी म्हणाल्या.

त्या आल्या. पांढरा ब्लाउज, काळा स्कर्ट, केस घट्ट बांधलेले, गळ्यात बिल्ला. म्हातारा वर्षभरात बराच खचला होता. त्यांना बघून त्याचा चेहरा फुलला. त्याने काहीतरी विचारलं. वहिनींनी उत्तर दिलं, आणि मला रशियन येत नसूनही कळलं की काहीतरी वेगळं आहे. रेडिओवरच्या बातम्यांसारखा आवाज. स्वच्छ, सपाट, पुस्तकी. गोल 'ओ' कुठेच नव्हता.

तपासणी झाली. प्रत्येक गोळी, प्रत्येक पथ्य त्यांनी समजावून सांगितलं, दोनदा विचारून खात्री केली. बाहेर पॅसेजमध्ये म्हाताऱ्याने त्यांची बाही धरली. काकुळतीने बोलत राहिला. काय म्हणाला ते त्यांनी मला नंतर सांगितलं. "तसं बोल ना, मागच्या वेळी बोललीस तसं. आमच्याकडे आता तसं कुणी बोलत नाही. पोरांना येत नाही, नातवंडं हसतात. माझ्या आईसारखं. एकदाच. काहीही बोल."

वहिनींनी बाही सोडवून घेतली. म्हणाल्या, त्याच बातम्यांच्या भाषेत, "आपली पुढची तपासणी दुसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट उजवीकडे आहे."

म्हातारा रडायला लागला. मुलाने खुर्ची ढकलत नेली.

आम्ही खालच्या फूड कोर्टात बसलो. भोवती दवाखान्यांतल्या नर्स, डॉक्टर, सगळे घाईने जेवत होते. वहिनींनी चहा घेतला आणि तसाच ठेवला.

"तुला वाईट वाटलं," त्या म्हणाल्या.

"थोडं," मी खरं ते सांगितलं. "म्हातारा आहे. रडत होता."

"मलाही वाटलं. दगड नाहीये मी." त्यांनी कप दोन बोटांनी थोडा लांब सारला. "वाटलं, एक वाक्य बोलून टाकावं. काय जातंय? मग म्हटलं, ते माझं नाहीच मुळी द्यायला. ते बोलणं त्या टेकाडावर झोपलेल्यांचं आहे. हवं असेल तर त्याने जाऊन त्यांच्याकडे मागावं. कुठे आहेत, ते त्यालाच ठाऊक."